मोकळी लाइन

सिद्रामअण्णा गेले त्या सकाळी चाळीच्या नळावर रेणुकाने पहिले वाक्य उच्चारले ते असे : "चला, आता नेट कायमचं सुटलं." तिला कोणी गप्प केले नाही. दोघी-चौघी घागरी भरता भरता हसल्या, आणि मग मयताच्या घरी जायचे म्हणून पदर सावरून गंभीर झाल्या.

अण्णांविषयी चार चांगले शब्द लिहावेत अशी विनंती मला कोणीही केलेली नाही. मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. शाळा आठवीतच सुटली. परंतु कचेरीच्या आवारात माझे टेबल जितकी वर्षे उभे आहे तितकी वर्षे तिथला एकही साहेब टिकलेला नाही, आणि माझ्या हातचा अर्ज साहेब लोक चष्मा पुसून वाचतात ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अर्जात माणूस असतो त्याहून गरीब आणि असतो त्याहून सज्जन दाखवावा लागतो. आमच्या धंद्याचा तो पायाच आहे. इथे मजकडे कोणाचेही वकीलपत्र नसल्याने माणूस जसा होता तसाच मांडतो.

अण्णा आमच्याच चाळीत, माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहत. उंच, वाळके, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि तिच्याच शेजारी, काळ्या दोरीला लटकणारा मोबाइल. दोन्हींना ते सारख्याच भक्तीने हात लावीत. त्यांचा डावा कान डोक्याला चिकटून चपटा झालेला होता. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी ट्रंककॉलच्या काळात ऑपरेटरची, म्हणजे बोर्डाच्या भोकांत वायरी खुपसून कॉल जोडून देण्याची नोकरी केली. डोक्यावरच्या हेडफोनच्या पट्ट्याने कान कायमचा दाबून टाकला होता. कोणी बोलू लागले की ते मान तिरकी करून तो कान पुढे करीत आणि डोळे मिटून घेत. समोरच्याला वाटे, म्हातारा ध्यान देऊन ऐकतो आहे. प्रत्यक्षात, याला कधी तोडावे एवढेच ते ठरवीत असत.

दारावर थाप मारणे त्यांना ठाऊक नव्हते. उंबऱ्यावर उभे राहून ते "हॅलो!" असे ओरडत, आणि घरातल्या माणसाने हातातले काम टाकून बाहेर यावे अशी त्यांची अपेक्षा असे. मला ते 'अर्धे वकील' म्हणत. "काय अर्धे वकील, आज कुणाकुणाला रडवलं कागदावर?" हा त्यांचा रोजचा नमस्कार. त्यावर मी हसत असे. चाळीत सगळेच हसत; कारण कोणाच्या सासरी काय झाले आणि कोण कोणाकडे केव्हा रडले याची माहिती अण्णांपाशी जुन्या काळापासून साठलेली होती, आणि न हसणाऱ्याची माहिती ते जिन्यात मोठ्याने सांगत.

नोकरीच्या आठवणी सांगताना त्यांचा आवाज तरुण होई. "त्या वक्ताला गावात देव दोनच. एक देवळात बसलेला, आनि एक बोर्डापुडं बसलेला. देवळातला ऐकतोय का न्हाय कुनाला ठावं. मी मात्र समद्यांचं ऐकायचो." कोणाचा कॉल लावायचा, कोणाचा तासन् तास टांगून ठेवायचा, हे ते माणसाचा नमस्कार पाहून ठरवीत. वाकून हात जोडणाऱ्याला लगेच "पार्टी लाइनवर आहे, बोला". ताठ उभा राहणाऱ्याला "लाइन खराब आहे". एकदा एका शाळामास्तराला मिरजेहून आईच्या आजाराचा निरोप आला. मास्तर धावत एक्स्चेंजमध्ये आले आणि नमस्कार न करताच, "अहो, अर्जंट लावा," म्हणाले.

"अर्जंट म्हनला मला," अण्णा हा किस्सा सांगताना मांडीवर थाप मारीत. "मी म्हनलं, येनप्पा, काय रं बाबा, अर्जंट कोन हे मी ठरवनार का तू? लाइन खराब हाय, बस म्हनलं बाकावर. दुपार झाली, ऊन कललं. शेवटी आला की हात जोडून. रडतच आला. मग लावला."

"मग बोलली का आई?" कोणीतरी नवखा ऐकणारा विचारी.

"न्हाय. तवर गेलती. पर मला सांगा, पैल्यांदाच नमस्कार करायला काय झालं हुतं?"

या किश्श्याच्या शेवटी ते एक वाक्य टाकीत. ते त्यांचे ब्रीदच होते : "ध्यानात ठेवा, लाइन कदी खराब नसते. मानूस खराब असतो."

त्यांची एकुलती मुलगी महानंदा. हैदराबादेस दिलेली, जावयाचे तिथे कापडाचे दुकान. आमच्या शहरातून सकाळी गाडीत बसले तर दुपारच्या जेवणाला तिथे पोचता येते. अण्णांची पत्नी वारली तेव्हा दिवसकार्याला महानंदा आली होती. कार्य आटोपले, लोक शेंगाची चटणी आणि भाकरी खाऊन सैलावले, आणि कोणीतरी अण्णांना एक्स्चेंजच्या गोष्टी सांगायचा आग्रह केला. अण्णा रंगले. मास्तरांचा किस्सा झाला. लोक हसले. मग ज्यांना हसू आवरेना त्यांच्यासाठी त्यांनी एक नवीन काढला, जो मीही तोवर ऐकलेला नव्हता.

"आता आमच्या नंदीचंच बगा. लग्नाच्या आदी एक पोरगा हिच्या मागं. पुन्याला नोकरीला गेला, आनि तितनं आमच्या शेजारच्या दुकानावर फोन लावायचा, नंदीला बोलवा म्हनून. पर फोन यायचा कुनाच्या हातातनं? ह्याच की!" त्यांनी दोन्ही पंजे वर केले. "तो म्हनायचा, साहेब, एक मिनिट द्या, नोकरी पक्की झाली एवडंच सांगायचंय. मी म्हनायचो, लाइन खराब हाय. तो बिचारा दुसऱ्या दिवशी परत. मी परत, लाइन खराब. माजा आवाज बी वळखला न्हाय त्यानं, सासऱ्याचा!"

लोक हसले. महानंदा चहाचे ताट घेऊन मधोमध उभी होती. तिने ताट हळूच खाली ठेवले.

"किती दिवस लावत होता, अप्पा?"

"अगं, लई दिवस. मग दमला आनि नाद सोडून दिला. तू इकडं रुसून बसलेली, तो इसरला म्हनून." आणि अण्णा स्वतःच हसत सुटले. "तुला चांगलं घर मिळालं का न्हाय? मग?"

तिने कपबश्या गोळा केल्या, धुतल्या, पुसून फळीवर पालथ्या घातल्या, आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेली. त्यानंतर ती या शहरात आली नाही.

मात्र रविवारी दिवेलागणीच्या आधी तिचा व्हिडिओ कॉल येई. तो एकदाही चुकला नाही. कर्तव्यात कसूर करणारी ती बाई नव्हती. अण्णा त्या दिवशी दाढी करीत, इस्त्रीचा सदरा घालीत. मोबाइल माठाला टेकवून समोर मांडी घालून बसत. "जेवलात का? गोळ्या घेता का? पाणी आलं का?" असे तिचे प्रश्न होत. अण्णांचे "व्हय, व्हय" चाले. मग अण्णा घसा साफ करून मूळ मुद्द्याला हात घालीत : "नंदा, यंदा गड्ड्याच्या जत्रेला येतेस का?"

आणि त्या क्षणी लाइन बिघडे. "अप्पा, तुमचा आवाज तु..." एवढे बोलून चित्र थिजे, तोंड अर्धे उघडे, नजर एका जागी. अण्णा "हॅलो! हॅलो!" असा टाहो फोडीत, मोबाइल झटकीत, कॉल तोडून पुन्हा लावीत. पुन्हा तो लागत नसे. पुढच्या रविवारी पुन्हा जेवण, गोळ्या, पाणी, पुन्हा जत्रा, पुन्हा थिजलेले चित्र.

म्हाताऱ्याला या जगात दुसरे काहीही नको होते. मुलीने एकदा, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या गर्दीत, त्यांच्या शेजारून चालावे एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती मागणी पोचवण्याआड एक मंद इंटरनेट येत होते. म्हणून अण्णांनी त्या इंटरनेटवर युद्ध पुकारले.

आधी त्यांनी मोबाइलला धारेवर धरले. विमानाचे चित्र दाबायचे, षडाक्षरी मंत्र म्हणून होईपर्यंत थांबायचे, मग विमान उतरवायचे. सिमकार्ड काढून खोडरबराने घासायचे. साठलेले फोटो पुसायचे. त्यात पत्नीचे उरलेसुरले फोटोही गेले. "ती आता काय बगनार हाय? जागा अडवून बसली हुती," असे ते मला म्हणाले. मग गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी बसून पाहिले; एप्रिलच्या उन्हात मोबाइल तव्यासारखा तापला, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिला. पितळी परात मागे धरून पाहिली. पेन्शनमधून नवा मोबाइल घेतला, कंपनी बदलली. रविवार काही बदलेना.

तेव्हा त्यांनी आपल्या अनुभवाला स्मरून निष्कर्ष काढला, आणि मला बोलावून तो ऐकवला.

"अर्धे वकील, टॉवर म्हंजे काय वो? बोर्डच की. आनि बोर्डाला भोकं मोजकी असत्यात. समद्या चाळीनं त्यात आपापल्या वायरी खुपसल्यावर माजी पोरगी यायची कुटून?"

"अण्णा, आता वायरी नसतात," मी म्हणालो.

"तुमी अर्जापुरतं बोला."

त्या दिवसापासून अण्णा परोपकारी झाले. जिन्यात ज्याला त्याला अडवून, "नेट स्लो हाय का? आना हिकडं, नीट करून देतो," म्हणू लागले. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचे वाकडे केल्याशिवाय जेवण केले नाही तो फुकट दुरुस्ती करतो आहे, याचे चाळीला नवल वाटले. परंतु फुकट म्हटल्यावर शंका घेण्याची आपल्याकडे रीत नाही. मीही माझा मोबाइल दिला. अण्णा तो चपट्या कानाजवळ धरीत, डोळे मिटीत, मग पाठ वळवून बोटांनी काहीतरी करीत आणि परत देत. "आता दोन दिवस हळू चालंल. औषध लागू पडायला येळ लागतो."

सर्वांत आधी औषध लागू पडले ते रेणुकाला. ती तळमजल्यावर राहते. नवरा सोडून गेलेला. ब्लाउजवर आरीचे भरतकाम करून ती पोट भरते. पुण्याच्या एका दुकानाकडून तिला लग्नसराईचे मोठे काम मिळू घातले होते. त्यांना रोज नमुन्याचे फोटो आणि कामाचे छोटे व्हिडिओ धाडायचे होते. अण्णांनी मोबाइल 'नीट' केल्यापासून तिचा एकही फोटो जाईना. नुसते गोल चक्र फिरत राही. ती गच्चीवर जाऊन हात उंच करून उभी राही. आणि कृतज्ञता म्हणून अण्णांना रोज संध्याकाळी चहाही नेऊन देई, कारण म्हातारा तिचा मोबाइल दर दोन दिवसांनी पुन्हा तपासत होता.

"अण्णा, अजून जाईना वो फोटो," ती रडकुंडीला येई.

"तुज्या फोनला म्हातारपन आलंय गं. मानूस म्हातारा झाला की त्याला कोन इचारतंय?" आणि तिचा चहा फुर्र करून पीत.

पुण्याचे काम दुसरीकडे गेले. रेणुका माझ्या टेबलापाशी आली. "काका, कंपनीला असा अर्ज लिवा की त्यांची झोप उडाली पायजे." मी लिहिला. एक अबला स्त्री, तिची उपजीविका, कंपनीची अनास्था आणि शेवटी ग्राहक मंचाचा उल्लेख : चार परिच्छेदांत मी कंपनीला उघडे पाडले. एरवी तक्रारीला यंत्राचे उत्तर येते. माझ्या अर्जाला माणूस आला.

तो आला रविवारी दुपारी. पाठीवर पिशवी, डोक्याला घाम, तरुण आणि घाईत. आम्ही सगळे चौकात जमलो. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे होते. तिथून त्यांना सर्वांची डोकी दिसत.

त्याने रेणुकाचा मोबाइल हातात घेतला, बोट दोनदा फिरवले आणि वर पाहिले. "ताई, हा टूजीवर कुणी टाकला?"

"म्हंजे?"

"म्हणजे मुद्दाम बैलगाडीला जुंपलाय. तुमची रेंज फुल आहे."

मग त्याने माझा मागितला. तोही तसाच. शेजारच्यांचा, तोही तसाच. एकामागून एक मोबाइल पुढे येऊ लागले आणि एकामागून एक माना जिन्याकडे वळू लागल्या.

अण्णांनी नजर चुकवली नाही. तेवढे त्यांचे मान्य केले पाहिजे. "मी टाकला. मग? माजा ऐतवारी अर्जंट कॉल असतो. तुमचे काय कॉल? भाजी आना आनि गॅस संपला."

"आजोबा," तो तरुण हसला, "तसं काही नसतं. शेजाऱ्याचं बंद करून आपलं वाढत नाही. तुमचा दाखवा बघू."

अण्णांनी दोरी मानेतून काढून मोबाइल खाली दिला. तरुणाने तपासणी लावली. पडद्यावरचा काटा उठला आणि चढतच गेला. "एवढं स्पीड माझ्या घरी पण नाही, आजोबा! तुम्हाला तक्रार कसली?"

 शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट तेवढी ऐकू येत होती.

"मग माजी पोरगी का अडकते?" अण्णांनी विचारले. आवाज नेहमीचाच होता, हुकमी. फक्त उत्तर मिळेपर्यंत त्यांनी चपटा कान पुढे केला आणि, मी प्रथमच पाहिले, डोळे उघडे ठेवले.

तरुणाला घाई होती, आणि मनानेही तो बरा असावा. "तिकडचं नेट खराब असेल."

"हां!" अण्णांनी टाळी वाजवली. "हैदराबादकडचं. म्हनलंच की मी!"

इथे प्रकरण मिटले असते. परंतु रेणुका पुढे झाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. एखाद्या कापडावर सुई टोचावी तशी ती एकेक शब्द टोचत गेली.

"तिकडचं कसं खराब आसंल, अण्णा? मागल्या ऐतवारी मी च्या घिऊन वर आल्ते. तुमी हॅलो हॅलो करत हुता. पोरगी दगडावानी बसलेली, त्वांड उघडं. आनि तिच्या मागं टेबलफॅन हिकडनं तिकडं फिरत हुता." ती थांबली. "नेट गेल्यावर पंखा बी थांबतोय की, अण्णा."

कोणीतरी हसले. मग कोणीच हसले नाही.

"पोरगी नाटक करतीया. तुमी जत्रंचं नाव काढलं, की श्वास धरून बसतीया, तुमी फोन कापस्तवर. आनि तुमीच म्हनता न्हवं? लाइन कदी खराब नसते."

पुढचे अर्धे वाक्य तिने उच्चारले नाही. ते चाळीतल्या पोराटोरांनाही पाठ होते.

अण्णांनी हात पुढे केला. तरुणाने मोबाइल त्या हातावर ठेवला. अण्णांनी तो सदऱ्याला पुसला, दोरी गळ्यात घातली, चांदीच्या डबीशेजारी नीट सरळ केली आणि कठडा धरून वर गेले. त्या संध्याकाळी माझ्या छतावरून "हॅलो" ऐकू आले नाही. लोकांनी आपापले मोबाइल पूर्ववत करून घेतले आणि रेणुकाने आनंदाने सर्वांना चहा पाजला. वर मात्र तिने कप पाठवला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला तिचे चुकले असे वाटत नाही.

चाळीने अण्णांना दोन-तीन दिवसांत थट्टेवर घेतले. जिन्यात ते दिसले की पोरे जागच्या जागी थिजून, तोंड अर्धे उघडे ठेवून उभी राहत. मोठी माणसे पोरांना रागावत नसत. अण्णा त्यांच्या मधून वाट काढीत, जणू रस्त्यात खांब रोवलेले आहेत.

त्यांना मी शेवटचे नीट पाहिले ते संक्रांतीच्या आधीच्या एका रविवारी. नळाची वेळ बदलल्याचा निरोप द्यायला मी वर गेलो होतो. दार उघडे होते. अण्णा माठासमोर मांडी घालून बसलेले. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. पडद्यावर महानंदा होती. केस बरेच पांढरे झालेले. तोंडवळा अगदी त्यांचाच. गोळ्यांचे, पाण्याचे सारे विचारून झाले असावे.

"नंदा," अण्णा म्हणाले, "यंदा गड्ड्याला येतेस का?"

"अप्पा, तुमचा आवाज..."

ती थिजली. मागे टेबलफॅन इकडून तिकडे, तिकडून इकडे, संथपणे मान हलवत राहिला.

मी उंबऱ्यावर थांबलो. आता ते ओरडतील, मोबाइल झटकतील, कॉल तोडतील, असे मला वाटले. महानंदेलाही तेच वाटत असावे. अण्णांनी तसे काही केले नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि गुडघ्यांवर हात ठेवून थोडे पुढे वाकले. वाकून ते मुलीचा चेहरा पाहू लागले. घाई नव्हती. कपाळ पाहिले, कानातले पाहिले, हनुवटी पाहिली. कॉल तोडणे त्यांच्या हातात होते आणि ते तोडत नव्हते. तिकडे तिला हलता येत नव्हते.

पंखा फिरत होता. तिच्या डोळ्यांत पाणी जमू लागले, बराच वेळ पापणी न लवल्यावर कोणाच्याही डोळ्यांत जमते तसे. मग ते गालावरून खाली आले. तरीही ती हलली नाही. अण्णाही हलले नाहीत.

मला ते बघवेना. "अण्णा," मी म्हणालो, "नळाची वेळ..."

त्यांनी मागे न पाहता एक बोट वर केले, जसे ते एक्स्चेंजमध्ये बाकावर बसलेल्या माणसांना करीत असतील.

"बोलू नका, अर्धे वकील," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "पार्टी लाइनवर आहे."